‘सार्वजनिक’ या शब्दातली वर्गणी

एखाद्या गावच्या ग्रंथालयाचा इतिहास लिहायला घेतला की साधने आपोआप एकाच बाजूने बोलू लागतात. दप्तरात सापडतात ते वार्षिक अहवाल, कार्यकारी मंडळाची इतिवृत्ते, देणगीदारांच्या याद्या, दाखल नोंदवह्या आणि कोनशिलेवरचा मजकूर. संस्था कशी उभी राहिली हे त्यातून नीट कळते. दारापर्यंत येऊन परत कोण गेले आणि दाराकडे फिरकलेच कोण नाही, याची नोंद मात्र कोणत्याच वहीत नसते. म्हणून हा इतिहास एका सुरात न सांगता दोन बाजू समोरासमोर बसवून सांगतो आहे. मराठीत ही रीत जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली ती धोंडीबा आणि जोतीराव यांच्या सवालजबाबांतूनच. इथले कार्यवाह ही कुणी एक व्यक्ती नाही. वर्गणीवर ग्रंथालये जगवणाऱ्या पिढ्यांची बाजू त्यांच्या तोंडी घातली आहे, आणि ती लेचीपेची करून मांडायची नाही एवढे पथ्य पाळले आहे. उदाहरण ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचे घेतले, कारण वर्गणीच्या बाजूने याहून भक्कम उदाहरण मला सापडत नाही. माझे मत मात्र उलट आहे आणि ते आधीच सांगतो: जिथे पुस्तक हाती पडण्याआधी पावती फाडावी लागते ते ग्रंथालय गावातल्या चांगल्या माणसांनी चालवलेले असेल, पण साऱ्या गावाचे व्हायचे त्याचे राहूनच गेलेले असते.

कार्यवाह : ठाण्याचे नाव काढलेत हे बरे केलेत. १ जून १८९३ रोजी विनायक लक्ष्मण भावे यांनी हे ग्रंथालय काढले तेव्हा त्यांनी वयाची बावीस वर्षेही पुरी केली नव्हती. त्याआधी आपल्याकडे ग्रंथालये नव्हती असे नाही. रत्नागिरीत १८२८, अहमदनगरला १८३८, नाशकात १८४०, पुण्यात १८४८, कोल्हापुरात १८५० अशी ती निघत गेली होती. पण पुण्याच्या संस्थेचे मूळ नावच पाहा, ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’. साहेबाच्या पुढाकाराने किंवा त्याच्या आशीर्वादाने निघालेल्या या संस्थांत मान इंग्रजी पुस्तकांचा. मुंबई विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांत तेव्हा मराठीला जागा नव्हती. १८६७ च्या कायद्यामुळे छापलेल्या पुस्तकांची सरकारदरबारी नोंद होत असे, पण ती राज्यकर्त्यांच्या सोयीची. निव्वळ मराठी ग्रंथ जमवून मराठी वाचकासाठी ठेवावेत ही कल्पना कोणत्या खात्याला सुचली नाही, ती ठाण्यातल्या तरुणांना सुचली. पाचच वर्षांनी, १८९८ साली, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले. भाव्यांनी पुढे जुन्या कवींच्या पोथ्या धुंडाळून ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिले. शंकर गणेश दाते १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची करायला बसले तेव्हा ती पुस्तके आली कुठून? अशाच संस्थांच्या कपाटांतून. आणे-रुपये गोळा करणाऱ्यांनी हे केले नसते तर एकोणिसाव्या शतकातली निम्मी मराठी रद्दीत गेली असती. वर्गणीमुळे मराठी पुस्तके वाचली, दोन्ही अर्थांनी.

लेखक : पहिल्या अर्थाने वाचली हे मी बिनशर्त मान्य करतो. दाते यांची सूची ज्याने एकदा चाळली असेल त्याला या ऋणाची जाणीव करून द्यावी लागत नाही. पण दुसऱ्या अर्थाने ती कुणी वाचली, हा माझा प्रश्न आहे, आणि तुमच्या संस्थेच्या नावातच त्याचे अर्धे उत्तर आहे. ‘ग्रंथसंग्रहालय’: संग्रह हे तिथले मुख्य काम. १८९३ साली ते अगदी योग्य होते, कारण आधी वस्तू हाती असायला हवी. पुढे आपण या संग्रहांना सार्वजनिक ग्रंथालय म्हणू लागलो तेव्हा शब्द बदलला आणि व्यवस्था तीच राहिली. मला त्या ‘सार्वजनिक’ शब्दापाशी थोडे थांबायचे आहे, कारण मराठीत त्याचा प्रवास विलक्षण आहे. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी तिच्यात इतके मुरले की लोक त्यांना ‘सार्वजनिक काका’च म्हणू लागले. या सभेचा सभासद व्हायचे तर किमान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. सार्वजनिक याचा अर्थ तिथे प्रातिनिधिक असा होता: मी बोलतो तो कुणाच्या तरी वतीने, आणि ते लिहून आणतो. मग १८९१ साली, जोतीराव वारल्यावर, त्यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ छापून आले. तिथे या शब्दाला कुंपणच नाही. स्त्री-पुरुष, कोणत्याही जातीचा, कोणत्याही देशाचा माणूस त्यात येतो. आणि १८९३ च्या सुमारास, म्हणजे ठाण्याचे ग्रंथालय निघाले त्याच वेळी, पुण्यात गणेशोत्सव सार्वजनिक झाला. या तिसऱ्या वापरात सार्वजनिक म्हणजे वर्गणी काढून केलेले. वीस-पंचवीस वर्षांत एकाच शब्दाचे तीन अर्थ घडले, आणि आपल्या ग्रंथालयांच्या वाट्याला तिसरा आला. उत्सवाला तो शोभतो, कारण मांडवात शिरताना पावती कुणी मागत नाही, पैसे दिलेला आणि न दिलेला दोघेही आरतीला उभे राहतात. ग्रंथालयात मात्र वर्गणी न देणाऱ्याला पुस्तक घरी नेता येत नाही. म्हणजे आपण उत्सवाचा अर्थ उचलला आणि त्याच्यातले औदार्य मागे ठेवले.

कार्यवाह : हा जुन्यांवर अन्याय आहे. पुस्तके विकत घ्यायची, बांधून घ्यायची, जागेचे भाडे द्यायचे, दिव्याला तेल घालायचे, तर पैसा कुठून आणायचा होता? आणि तुम्ही जी गाळली गेलेली माणसे म्हणता त्यांना वाचता कुठे येत होते? १९०१ च्या जनगणनेत देशात शंभर पुरुषांमागे जेमतेम दहा साक्षर, आणि शंभर स्त्रियांमागे एकही पुरती भरत नाही. आमच्या नियमावलीत जातीचा उल्लेख नसे. वाचणाराच नव्हता, तर दार बंद होते की उघडे होते याने काय फरक पडला असता?

लेखक : नियमावलीत जात लिहायची गरज नव्हती, एवढेच मी म्हणेन. वर्गणी, अनामत, आणि जिथे सभासद व्हायला जुन्या सभासदाची ओळख लागे तिथे ती ओळख, एवढ्या चाळण्या पुरेशा असतात. ज्याच्या ओळखीचा एकही सभासद नाही तो कोण असेल हे त्या काळच्या कोणत्याही गावात न सांगता कळत होते. पण साक्षरतेचा तुमचा मुद्दा मला मोलाचा वाटतो, कारण त्याच मुद्द्यावरून दुसऱ्या टोकाला पोचलेला एक मराठी माणूस त्याच काळात होऊन गेला. १८९३ सालीच सयाजीराव गायकवाडांनी बडोदे संस्थानातल्या अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला, आणि १९०६ साली ती सक्ती संस्थानभर लागू केली. मग त्यांच्यापुढे अडचण आली ती ही, की शाळेतून बाहेर पडलेले मूल वाचायला काही नसेल तर शिकलेली अक्षरे चार वर्षांत विसरते. यावर त्यांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम अॅलन्सन बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून घेतले, ग्रंथालयांचे स्वतंत्र खातेच काढले, स्वतःच्या संग्रहातली हजारो पुस्तके केंद्रीय ग्रंथालयाला दिली. तिथे स्त्रियांसाठी निराळी वाचनाची खोली होती, मुलांसाठी निराळा विभाग होता. ज्या खेड्यात ग्रंथालय नाही तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तके जात, आणि पेटी नेण्या-आणण्याचे भाडे संस्थान भरी. जरा विचार करा: ठाण्यात आणि बडोद्यात एकाच वर्षी दोन कामे सुरू झाली. एकाने पुस्तकापासून आरंभ केला, दुसऱ्याने वाचकापासून. वाचणारा नव्हता म्हणून दाराला अर्थ नव्हता असे तुम्ही म्हणता; बडोद्याने वाचणारा घडवणे हे दाराचेच काम मानले.

कार्यवाह : बडोद्याचे कौतुक आम्हालाही आहे, पण त्याच्या दोन बाजू तुम्ही सोडून देता. पहिली अशी की खेड्यांतल्या ग्रंथालयांसाठी तिथेही लोकांनी एक तृतीयांश रक्कम उभी करायची अट होती. तेवढीच प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने द्यायची. मोतीभाई अमीनांसारखे कार्यकर्ते गावोगाव हिंडले नसते तर ती योजना कागदावर राहिली असती. म्हणजे वर्गणी तिथेही होतीच. दुसरी बाजू याहून जड आहे. त्याच बडोद्यात १९१७ साली भीमराव आंबेडकर नोकरीवर रुजू व्हायला आले. परदेशात शिकायला त्यांना शिष्यवृत्ती दिली होती ती याच संस्थानाने. त्या शहरात त्यांना राहायला छप्पर मिळाले नाही. पारशी धर्मशाळेतून बाहेर काढल्यावर दिवसाचे तास त्यांनी सार्वजनिक बागेत काढले. राज्यकर्त्याने दार उघडे ठेवा म्हटले म्हणून समाज उघडतो असे कुठे आहे?

लेखक : तुमचा दुसरा मुद्दा मला टाळता येणार नाही आणि टाळायचाही नाही. शासनाने ग्रंथालय विनामूल्य केले म्हणून शेजारी माणूस होत नाही. बडोद्याने ते शिकवले, आणि ज्याला ते शिकावे लागले त्याने पुढे मुंबईत ‘राजगृह’ बांधले ते स्वतःच्या पुस्तकांना जागा हवी म्हणून, यात केवढा इतिहास भरलेला आहे. पण यातून निष्कर्ष कोणता काढायचा? ज्या शेजाऱ्यांनी खोली नाकारली तेच शेजारी वर्गणीच्या संस्थेत सभासद असतात, तेच मंडळ निवडतात, तेच नवा अर्ज मंजूर-नामंजूर करतात. त्यांच्या मर्जीविरुद्ध दाद मागायला तिथे जागा नसते. खर्च कराचा असेल आणि हक्क कायद्यात असेल तर शेजारी वाईट असला तरी त्याला निदान उत्तर द्यावे लागते. समाज आणि शासन दोघेही चुकू शकतात. ज्याला हक्काने जाब विचारता येतो तो मी पत्करीन. तुमचा पहिला मुद्दा मी आनंदाने घेतो. बडोद्यात लोकांचा वाटा होता, आणि असायलाच हवा. पण तो वाटा गाव म्हणून द्यायचा होता, पुस्तक नेणाऱ्या एकेका माणसाकडून दारात घ्यायचा नव्हता. गावाने पैसे उभे करणे आणि वाचकाला पैसे मागणे या दोन गोष्टी आपण वर्गणी या एकाच शब्दात कोंबल्या आहेत, आणि माझे सगळे भांडण दुसरीशी आहे.

कार्यवाह : पण कराचे काय होते तेही पाहिले पाहिजे. मद्रास प्रांताने १९४८ साली ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या प्रयत्नाने कायदा केला आणि मालमत्ता करावर ग्रंथालय कर बसवला. आज तिथे स्थानिक संस्था कर गोळा करतात आणि ग्रंथालयांचा वाटा थकवतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. आपल्याकडे अनुदान मिळते तेही वेळेवर येत नाही. ग्रंथपालाचा पगार ऐकला तर तुम्हाला वाईट वाटेल. अशात संस्था टिकते ती माणसांच्या जीवावर. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयात पाणी शिरून हजारो पुस्तके भिजली. संस्थेवर माया असलेल्या माणसांचे हात अशा वेळी जितक्या लगबगीने धावतात तितक्या लगबगीने खात्याचा आदेश येतो का? आणि १९६७ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात सुमारे बारा हजार शासनमान्य ग्रंथालये उभी आहेत, ती बहुतेक अशाच संस्थांची.

लेखक : त्या बारा हजारांविषयी सविस्तर बोलले पाहिजे, कारण आपल्या इतिहासातले खरे वळण तिथे आहे. पुण्याचे ग्रंथालय निघाले १८४८ साली. त्यानंतर दोनच वर्षांनी ब्रिटनच्या पार्लमेंटने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा करून नगरपालिकांना त्यासाठी कर बसवण्याची मुभा दिली आणि प्रवेश विनामूल्य ठेवला. म्हणजे ज्या देशाचे अधिकारी इथे ‘नेटिव्ह लायब्रऱ्यां’ना हात देत होते, त्या देशाने स्वतःपुरता वर्गणीचा मार्ग सोडायला तेव्हाच सुरुवात केली होती. इथे मात्र ते वर्गणीची रीत ठेवून गेले, आणि आपण तिलाच परंपरा समजलो. १९३९ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने आसफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय समिती नेमली. मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंत उतरणारी साखळी तिने सुचवली. युद्ध आले, मंत्रिमंडळ गेले आणि योजना मागे पडली. १९४५ साली कोल्हापूर संस्थानाने ग्रंथालय कायदा केला. मग मद्रास, मग हैदराबाद, मग १९६५ साली म्हैसूर, म्हणजे आजचे कर्नाटक. महाराष्ट्राने १९६७ साली कायदा केला तो या सगळ्यांच्या पाठोपाठ, सगळ्यांचे अनुभव समोर ठेवून, आणि त्यात कर घातला नाही. शासनाने दर वर्षी ठरावीक किमान रक्कम ग्रंथालय निधीत घालायची आणि त्यातून मान्यताप्राप्त संस्थांना अ, ब, क, ड असे वर्ग पाडून परिरक्षण अनुदान द्यायचे, अशी रचना झाली. या रचनेचे गुण मी नाकारत नाही. तिने जुन्या संस्था जगवल्या आणि नव्यांना धीर दिला. पण तिच्यात हक्क कुणाला मिळाला ते पाहा. संस्थेला अनुदान मागता येते. खेड्यातल्या एखाद्या मुलीला पुस्तक मागता येत नाही. तिच्या गावात कुणी संस्था काढली असेल, ती शासनमान्य असेल, तिला वर्गणी परवडत असेल आणि घरचे जाऊ देत असतील, तर मिळेल. महाराष्ट्रात खेडी चाळीस हजारांहून अधिक आहेत आणि ग्रंथालये सुमारे बारा हजार, त्यातली कित्येक एकाच शहरात. उरलेल्या गावांत ग्रंथालय का नाही, असे विचारायला या कायद्यात कुणाचे नावच नाही, कारण तिथे ते काढणे हे कुणाचेच काम नाही. मद्रासला पैसा थकतो म्हणता. थकबाकी निदान कुणाची तरी असते, ती मोजता येते, तिच्यावर कोर्टात जाता येते. इथे थकायलाच काही नाही. सांगलीच्या पुराबद्दल तर मी असे म्हणेन की दीडशे वर्षांच्या कपाटांना वाचवायला नुसती माया असावी ही त्या मायेचीच परीक्षा पाहणे आहे. नगराचा ठेवा म्हणून त्याच्यासाठी उंच, कोरडी जागा आधीपासून असायला हवी होती.

कार्यवाह : एक साधा अनुभवाचा मुद्दा उरतो. फुकट मिळालेल्याची किंमत राहत नाही. वर्गणी भरणारा माणूस पुस्तक परत आणतो, संस्था आपली मानतो, वार्षिक सभेला येऊन भांडतो. फुकट नेणारा नेईल आणि विसरेल.

लेखक : पुस्तक परत यावे म्हणून जी रक्कम ठेवून घेतात तिला अनामत म्हणतात, आणि ती परत मिळते. वर्गणीने पुस्तक परत येत नाही. वर्गणी भरूनही पुस्तके अडकवून ठेवणाऱ्यांची यादी प्रत्येक ग्रंथपालाच्या खणात असते. किमतीचे म्हणाल तर फुकट मिळालेल्या प्राथमिक शिक्षणाला माणसे किंमत देतात म्हणूनच गरीब घरातली आई पोराला रोज शाळेत पिटाळते. आणि पुरावा तुमच्याच इमारतीत आहे. तुमच्या मुक्तद्वार विभागात, जिथे वर्तमानपत्रे वाचायला पैसे पडत नाहीत, सकाळी काय दृश्य असते? निवृत्त कारकून, काम शोधणारा तरुण, रात्रपाळी संपवून आलेला पहारेकरी, सगळे एकेका पानासाठी ताटकळतात. तो विभाग तुमच्या आधीच्यांनीच मोकळा ठेवला, आणि त्यामुळे कागदाची किंमत घटली नाही. तिथून देवघेवीच्या खिडकीपर्यंत दहा पावलांचे अंतर असते. ती दहा पावले कितीजण कधीच टाकत नाहीत, एवढे एकदा मोजून पाहा. दाखल नोंदवहीत शंभर वर्षांची पुस्तके तुम्ही एकेक करून लिहिलीत. हीही एक नोंद होऊ द्या.

कार्यवाह : समजा, मोजले. आणि समजा, उद्यापासून वर्गणी बंद केली. वीजबिल कोण भरेल?

लेखक : नगरपालिका. घरपट्टीचे बिल काढून बघा. त्यावर शिक्षण कर असतो, वृक्ष कर असतो, अग्निशमनाचा असतो, रोजगार हमीचा असतो. झाडासाठी ओळ आहे, ग्रंथालयासाठी नाही. ती ओळ कायद्यात घातली, आणि तिचा पैसा नगरपालिकेने स्वतःच्या खात्यात न मुरवता तुमच्यासारख्या संस्थांना दरडोई वाचकांच्या हिशेबाने द्यावा असे बंधन घातले, तर संस्था तुमचीच राहील. पुस्तके तुम्हीच निवडा, कारण ते खात्यापेक्षा तुम्हाला अधिक येते. मराठीचा संग्रह जसा आजवर राखला तसा राखा. गावात राहणाऱ्या कुणालाही, अनामत देता येत नसेल त्यालासुद्धा, कार्ड मिळेल एवढी एकच अट.

कार्यवाह : तुम्हाला वाटते तितकी ती एकच अट नाही. आमच्या घटनेप्रमाणे मत सभासदाला आहे, आणि सभासद म्हणजे वर्गणी भरणारा. कार्ड सर्वांना दिले तर कार्डवाल्याला मत द्यायचे की नाही?

लेखक : द्यायचे.

कार्यवाह : मग घटनादुरुस्ती लागेल. ती वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर ठेवावी लागेल. आणि मंजूर करायची तर ज्यांच्याकडे आज मत आहे त्या वर्गणीदारांनीच.

लेखक : हो. सार्वजनिक सभेत पन्नास सह्यांची अटही सभासदांनी स्वतःच स्वतःवर घालून घेतली होती.